नोटिसा मिळाल्या होत्या का?

नाना,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी धुळ्याच्या कोर्टाच्या पायऱ्या चढताना मी अजून कोट नीट करते. जळगावहून आलेल्या, नुकती सनद मिळालेल्या मुलीला तुम्ही तुमच्या ऑफिसात टेबल दिलंत, तेव्हा कोर्टाच्या बाररूममध्ये बाकीचे वकील हसले होते. तुम्ही कापसाच्या जिनिंगमधल्या कामगारांचे वकील, मग धुळ्याजवळच्या तुमच्या गावचे नगराध्यक्ष. पुढं आमदारकीचं तिकीट तुम्हालाच, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मीसुद्धा.

मग एका सकाळी तुमच्या गावच्या भाजीवाल्या ऑफिसात आल्या. बसस्टँडसमोरच्या त्यांच्या टपऱ्या पालिकेनं मोडल्या होत्या. त्यांतली सगळ्यात म्हातारी बाई माझ्यासमोर उभी आहे आणि सांगते आहे, "ताई, आम्हले कोनी कागद दिन्हा नही. बठ्ठा माल गटारमा फेकी दिन्हा." आदेशावर सही तुमची होती. मी तुमच्या खोलीत आले आणि म्हटलं, "नाना, ही केस मला घ्यायचीय." तुम्ही चष्मा काढलात. "मग आधी माझं ऑफिस सोड. माझ्या टेबलावर बसून माझ्याविरुद्ध दावा लावता येत नाही." मला तो अपमान वाटला. त्याच संध्याकाळी मी पुस्तकं उचलली आणि दोन गल्ल्या पलीकडं, एका शिंप्याच्या माडीवर बसले. वकिलीचा पहिला धडा तुम्ही मला त्या दिवशी दिलात, हे कळायला बराच काळ गेला.

पालिकेच्या रजिस्टरात नोटिसा बजावल्याची नोंद होती, प्रत्येकीच्या नावापुढं अंगठा होता. माझ्याकडं बायकांच्या शब्दाखेरीज काही नव्हतं. म्हणून मी तुम्हालाच साक्षीला बोलावलं. बाररूम म्हणाली, पोरीचं डोकं फिरलंय. पण तुमच्या हाताखाली दोन वर्षं काढली होती मी. तुम्ही शपथ घेऊन खोटं बोलणार नाही, एवढ्याच भरवशावर ती केस उभी होती.

तुम्ही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे आहात, पांढऱ्या सदऱ्यात. मी विचारते, "नोटिसा या बायकांना मिळाल्या होत्या का?"

"नाही."

"सही करण्याआधी तुम्हाला हे माहीत होतं?"

पालिकेचे वकील हरकत घ्यायला उठले. न्यायाधीश म्हणाले, "उत्तर द्या." तुम्ही माझ्याकडं पाहिलं नाहीत, मागं बसलेल्या त्या बायकांकडं पाहिलंत.

"माहीत होतं. मंत्री येणार होते, रस्ता मोकळा हवा होता. आणि ते अंगठे यांचे नाहीत."

बायकांना जागा परत मिळाली. पक्षानं तिकीट दुसऱ्याला दिलं. तुम्ही अपक्ष उभे राहिलात आणि पडलात. पुढच्याच सोमवारी काळा कोट घालून तुम्ही शिंप्याची माडी चढून आलात. वाटलं, आता बोलणी बसणार. बसलीच. "प्रश्न बरोबर होते. दुसरा विचारताना आवाज कापला तुझा. समोर कोण उभंय ते बघायचं नसतं." एवढं बोलून खाली उतरलात. त्यानंतर मी पुष्कळांना पिंजऱ्यात उभं केलं, कलेक्टरांना आणि आमदारांनाही. आवाज पुन्हा कापला नाही. ती केस मी आजही तशीच लढेन, नाना, तोच साक्षीदार बोलावीन.

हे पत्र टपालात पडायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. तुमच्या मतमोजणीला येता येत नाही, त्या दिवशी जळगावच्या कोर्टात तारीख आहे, असा निरोप मी तुम्हाला धाडला होता. तारीख नव्हती. मी दिवसभर आईच्या घरी बसून होते.