दादाच्या खिडक्या

४ नोव्हेंबर

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

तुम्ही शिवलेली दुपटी पोचली. पाळणाघरातली आठही पिल्लं त्यांत गुरफटून झोपतात, पण नाकाचे शेंडे गारच. हीटर दिवसभर चालू असतो आणि खोली काही तापत नाही. भोक पडलेल्या बादलीत पाणी ओतावं, तसं चाललंय.

परवा पाळणाघरं तपासणाऱ्या बाई येऊन गेल्या. त्यांनी खिडकीच्या कडेला तळहात धरला आणि सरळ सांगितलं, की फटींतून सगळी ऊब बाहेर जातेय. पाच डिसेंबरला त्या पुन्हा येणार. तोवर खोली ऊब धरत नसेल, तर हिवाळाभर पाळणाघर बंद. बाजारात तयार खिडक्या मिळतात, त्या बसवून घ्या म्हणाल्या. झालं! तुमचे दादा दारातच उभे होते. सुताराच्या घरात तयार खिडक्या! लग्नाच्या वर्षी स्वतःच्या हातांनी केलेल्या आहेत त्या. तीन दिवस झाले, हूं नाही की चूं नाही. जेवतात आणि वर्कशॉपमध्ये निघून जातात.

वन्सं, बावीस वर्षं चालवलेलं पाळणाघर बंद झालं, तर मी दिवसभर करू काय? आणि ह्यांना दुखवून खिडक्या बदलल्या, तर ते त्या खोलीत पाऊल टाकायचे नाहीत. तुम्ही जाड पडदे शिवून द्याल का? बघू तेवढ्यावर भागतंय का.

लोभ आहेच, थंडीत जरा जास्त असू द्या.
तुमची वहिनी

९ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीने माझ्याकडे पडदे मागितले. मी नाही शिवणार. शिवण उसवली की वरून फुलाफुलांचं कापड लावून भागत नाही, एवढं इतकी वर्षं मशीन चालवून मला कळतं.

दादा, तुझ्या खिडक्यांना नावं कोण ठेवतंय? पण एकतीस वर्षांत लाकूड सुकतं, आकसतं, हे मला तूच शिकवलंस ना? तुझे गुडघे कुरकुरतात म्हणून आईने तुला वाईट घडवलं, असं कुणी म्हणतं का?

सोबत रेशमी दोऱ्याचं रीळ पाठवतेय. घरात कुणी नसताना वीतभर दोरा फटीपाशी धर. हलला नाही, तर त्या बाईंना मी स्वतः पत्र लिहून चार शब्द सुनावीन. हलला, तर गुपचूप रंधा उचल. आठ लेकरांपुढे कसला आलाय मान? चिडून उत्तर लिहिलंस तरी चालेल, पण लिही.

तुझ्या रागावरही लोभ करणारी,
ठमी

१८ नोव्हेंबर

चि. ठमीस,
अ. आ.

तुझी जीभ तुझ्या कात्रीपेक्षा धारदार आहे. असो.

तुझी वहिनी बाजारात गेली तेव्हा दोरा धरला. पाळणाघराच्या खिडकीत चांगलाच थरथरला. मग म्हटलं, उभाच आहे तर सगळं घर बघून घेऊ. बैठकीच्या खोलीत तुझ्या वहिनीची खुर्ची खिडकीला पाठ करून असते. तिथे दोरा धरला, तर पार आडवा झाला. मी त्या खुर्चीत अर्धा तास बसून पाहिलं. मान आखडली गं माझी.

एकतीस वर्षं ती तिथे बसते. माझी खुर्ची आतल्या भिंतीशी तिनेच ठेवली. तिथे उजेड कमी म्हणून मी कितीदा कुरकुर केली, पण तिने हलवू दिली नाही. ती आल्यावर विचारलं. आधी टाळाटाळ केली, मग म्हणाली, की पहिल्याच हिवाळ्यात कळलं होतं, पण एवढ्या हौसेने केलेल्या खिडक्या, सांगायचं कोणत्या तोंडाने? ठमे, मला रडू आलं. तुझ्यापासून काय लपवायचं! जिच्यासाठी खिडक्या केल्या, तिलाच मी एकतीस हिवाळे वाऱ्यात बसवलं, आणि वर गाल फुगवून बसलो.

लगेच तिच्या पाठीमागची खिडकी काढायला गेलो, तर तिने माझा हात धरला. आधी बाळांची, म्हणाली. तिचंच बरोबर. झडपा उतरवल्यात, चौकटीला नवी पट्टी जोडलीय. काठाला रबर आणि आतून दुसरी काच बसवायची राहिलीय. आता हे सगळं झाल्यावरसुद्धा पडदे लागतीलच, तेव्हा नखरे न करता शिवायला घे.

कधी नव्हे ते तुझं ऐकणारा,
दादा

१० डिसेंबर

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

पाळणाघर चालू राहणार! बाईंनी हीटर बंद करायला लावला आणि दोन तास खोलीत बसून राहिल्या. मी आपली जीव मुठीत धरून बाळांना झोके देत होते. दुसऱ्या तासाला बाईंनी आपला कोट काढून खुंटीला लावला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. तुमचे पडदे त्यांना फार आवडले. कुणी शिवले, ते विचारत होत्या.

तुमचे दादा हल्ली खिशात दोरा घेऊन हिंडतात. शेजारी बसायला गेलो तरी नमस्कारचमत्कार राहिले बाजूला, हे आधी खिडकीपाशी. आमच्याही गळत होत्या, मीच केलेल्या, असं छाती काढून सांगतात. ह्यांना काय म्हणावं!

बाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या पाठीमागची खिडकीही बसली. हात धुऊन हे माझ्यासमोर येऊन बसले आणि विचारलं, की एकतीस वर्षांत आणखी काय काय सांगायचं राहिलंय. मी काही नाही म्हटलं. पण ते जागचे उठेनात. मग मीही हातातलं काम खाली ठेवलं आणि अगदी पहिल्या दिवसापासून सांगायला लागले. हे निमूट ऐकतात हो, मधे एक शब्द बोलत नाहीत. आज पाचवा दिवस आहे, आणि आम्ही अजून लग्नाच्या तिसऱ्याच वर्षात आहोत.

हाक आली, जाते. माया असू द्या.
तुमची वहिनी