चुकांचं पत्र

प्रिय नाना,

हा मायना तुम्हाला चालणार नाही, ठाऊक आहे मला. वडिलांना 'तीर्थरूप' लिहावं, स्वतःला 'अपत्ये' म्हणवून घ्यावं, मग 'कृतानेक साष्टांग नमस्कार', मग 'विनंती विशेष', आणि एवढ्या पायऱ्या चढून झाल्यावर मजकुराला हात घालावा. विष्णूला तुम्ही हे शिकवत होतात तेव्हा मी माजघराच्या दाराशी बसून ऐकत असे, आणि माझ्या धाकट्या भावाच्या आधी मलाच ते पाठ झालं. पण आज त्या पायऱ्या चढण्याइतका धीर माझ्यात नाही. तुमचे दिवस आटोपून मी ठाण्याहून परत कल्याणला आले, घरच्या कामाला लागले, पण राग काही उतरत नाही. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मग तो राग घेऊन मी कुणाकडे जाऊ?

आधी मथूचं लिहिते. मथू माझं पहिलं मूल. बाळंतपणाला मी तुमच्याकडे आले होते. तिला मांडीवर घेऊन बसलात की ती तुमच्या उपरण्याचं टोक मुठीत धरायची, आणि शाळेची वेळ होऊन गेली तरी तुम्ही ते सोडवून घेत नसायचात. मथुरा हे नावही तुम्हीच ठेवलंत. तुमच्या आईचं.

तिला घेऊन मी सासरी आले आणि पावसाळा सरता सरता तिला ताप भरला. वैद्यांचा काढा पोटात ठरेना. गेली. माझे यजमान तेव्हा मुंबईला शिकत होते, ते येऊन परत गेले. दुसऱ्या दिवसापासून घरात भांडी नेहमीसारखी वाजायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "मुलगीच होती. डोळे पूस आणि तांदूळ निवडायला घे." मी मथूचं नाव काढलं की बोलणं दुसरीकडे वळायचं. जणू मी कुणा परक्याच्या घरची गोष्ट सांगत होते.

म्हणून तुम्हाला पत्र लिहिलं. सवयीने वर 'श्री' काढला आणि खाली एवढंच लिहिलं: "प्रिय नाना, मथू गेली. मला न्यायला या. इथे तिचं नाव कोणी घेत नाही. मला तुमच्याजवळ बसून तिच्याबद्दल बोलायचं आहे. आज जमलं नाही तर उद्या या. कृष्णी."

मागच्या दाराला हिराई कोळीण मासळी घेऊन यायची. मी पत्र पदराखाली धरून उभी होते. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हात पुढे केला. "दे गो बाय, मना दे. पेटीन टाकीन." टोपलीत ठेवलं तर वास लागेल म्हणून तिने ते कमरेला खोचलं.

मी वाट बघत राहिले. टपालवाला आला तो मामंजींच्या नावाचं पाकीट घेऊन. सासरी असलेल्या मुलीला परस्पर पत्र लिहू नये, हा तुमचा नियम. व्याह्यांना 'राजमान्य राजश्री' पासून 'लोभ असावा' पर्यंत सगळं यथासांग लिहिलं होतंत, आणि आत घडी घालून माझंच पत्र परत पाठवलं होतंत. लाल शाईने तपासून.

मृत्यूची वार्ता असलेल्या पत्रावर 'श्री' लिहू नये. 'प्रिय' हा मित्राचा मायना, वडिलांना तो वापरू नये. दुःखाची बातमी पहिल्याच ओळीत देऊ नये, वाचणाऱ्याच्या मनाची तयारी करून मग द्यावी. 'न्यायला या' असं वडीलधाऱ्यांना फर्मावू नये. सासरचं उणं माहेरी कळवू नये. आणि सगळ्यांत खाली: 'अक्षर सुधारले आहे.'

वाचणाऱ्याच्या मनाची तयारी, नाना? माझ्या मनाची तयारी कुणी केली होती? मथूचे हात गार पडत होते तेव्हा माझ्यापुढे कुणी मायना लिहिला होता?

मामंजींनी ते पत्र ओटीवर मोठ्याने वाचून दाखवलं. तुमच्या शेऱ्यांसकट. सासूबाईंनी माझी दौत आणि बोरू उचलून माळ्यावर टाकले आणि मला म्हणाल्या, "बापानेच चुका काढल्या, आता आम्ही काय बोलणार?" खरंच होतं त्यांचं. मी लपवून पाठवलेलं पत्र तुम्ही त्यांच्या हातात दिलंत. हे तुमच्या लक्षात आलं नव्हतं का? की आलं होतं, आणि नियम मोठा वाटला?

यजमानांच्या पेटीत शिसपेनीचा एक तुकडा सापडला. कोरा कागद नव्हता, म्हणून तुम्ही तपासलेल्या त्याच पत्राच्या पाठीवर मी लिहिलं. तुम्हाला आठवत असेल. "मेहेरबान मास्तरसाहेब, मुक्काम ठाणे, यांचे हुजुरास. अर्जदार कृष्णाबाई, हल्ली राहणार कल्याण, सविनय अर्ज करते ऐसाजे. कलम पहिले, अर्जदार ही साहेबांची कन्या आहे. कलम दुसरे, अर्जदाराचे मूल वारले आहे. कलम तिसरे, अर्जदारास काही दिवस माहेरी राहण्याची मोकळीक व नेण्यास माणूस मिळावा. साहेब मायबाप आहेत."

हेही हिराईनेच टाकलं. तिकीट नव्हतं, तसंच गेलं. अर्ज पोचला आणि तुम्ही आलात. छत्री, कोट, पागोटं, जसे कचेरीत जायला निघाला होतात. मामंजींना म्हणालात, "या बाजूला काम होतं, म्हटलं मुलीला चार दिवस घेऊन जावं." मुलीच्या हाकेला न आलेला माणूस अर्जदाराच्या अर्जावर आला.

आगगाडीत मी तुमच्यासमोर बसले होते. मुंब्र्याचा बोगदा मागे पडला आणि तुम्ही बोललात. "अर्जाची मांडणी चांगली होती. कलमं नेमकी. फक्त तारीख राहिली."

"बरं," मी म्हटलं.

बाहेर खाडी दिसत होती, मिठागरं दिसत होती. आता तरी मथूचं नाव घ्याल म्हणून मी ठाण्याचं स्टेशन येईपर्यंत थांबले. नाही घेतलंत. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. पुढे मला गोदू झाली, तिचे तुम्ही लाड केलेत. पुरुषांना असलं बोलता येत नसेल, अशी मी मनाची समजूत घातली आणि इतकी वर्षं त्या समजुतीवर काढली. तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मनापासून रडले, नाना. हेही लिहून ठेवते.

मग तुमच्या दिवसांत ती दुपार आली. ओटीवर माणसं समाचाराला बसली होती, मी आईजवळ माजघरात होते. तुमचे जुने विद्यार्थी गोविंदराव, आता कचेरीत कारकून आहेत ते, विष्णूला सांगत होते, "मास्तरांसारखं पत्र शिकवणारा पुन्हा व्हायचा नाही. ते चुकांचं पत्र आठवतंय ना? आमच्याकडून दर वर्षी घोकून घ्यायचे." आणि त्यांनी म्हणून दाखवलं. "प्रिय बाबा, मथू गेली. मला न्यायला या. इथे तिचं नाव कोणी घेत नाही." दोन-तीन माणसं हसली. तुम्ही गेल्यापासून त्या ओटीवर पहिल्यांदाच कोणी हसलं असेल.

नानाच्या जागी तुम्ही बाबा घातलं होतं. माझं नाव काढून टाकलं होतं. मथूचं मात्र तसंच ठेवलं होतंत. कल्याणच्या घरात जिचं नाव निघत नव्हतं, माझ्यासमोर जे नाव घ्यायला तुमची जीभ उचलली नाही, ते नाव ठाण्याच्या शाळेत मुलं वर्षानुवर्षं चूक म्हणून घोकत होती.

मी उठले आणि ओटीवर गेले. आईने पदर धरला होता, तो सोडवला. पुरुषांच्या बैठकीत मी आयुष्यात उभी राहिले नव्हते.

"ते पत्र माझं आहे," मी म्हटलं. "मथू माझी मुलगी होती."

गोविंदराव उभे राहिले. "ताई, आम्हाला वाटायचं मास्तरांनी ते शिकवण्यापुरतं बनवलंय," ते म्हणाले. "आम्ही हसायचो त्याला." त्यांनी ते लपवलं नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी बरंच वाटलं. मग ते नमस्कार करून निघून गेले आणि बाकीचेही उठले.

आत आई भिंतीला टेकून बसली होती. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"शाळेतलं मला काय माहीत असणार? पत्र आलं त्या दिवशीचं माहीत आहे. दोनदा वाचलं. उपरणं डोळ्याला लावून बसले. मी म्हटलं, उद्या निघा. म्हणाले, व्याह्यांचं बोलावणं नसताना कसा जाऊ? मग लाल शाई मागितली."

रडलात, आणि मग लाल शाई मागितलीत. आईला वाटलं हे ऐकून मी निवेन. माझा तर संताप आणखी वाढला. तुम्हाला काहीच वाटलं नसतं तर मी तुम्हाला दगड म्हणून सोडून दिलं असतं. तुम्हाला वाटलं होतं. मग तेच लिहायचं होतंत ना. एका ओळीत मावलं असतं.

संध्याकाळी विष्णूकडून तुम्ही पत्रलेखनावर लिहून ठेवलेल्या पुस्तकाची वही मागून घेतली. तो ते मुंबईच्या छापखान्यात देणार होता. 'सदोष पत्र व त्यातील चुका' या प्रकरणात माझा तो कागद खुणेला लावलेला होता. त्याच्या मागच्या बाजूचा माझा अर्ज पुढच्या प्रकरणात उतरवला होता: 'उत्तम अर्जाचा नमुना'. कन्येच्या जागी तुम्ही रयत केलं होतं, मूल वारल्याच्या जागी बैल. मी पानं उलटत गेले. पित्याने पुत्रास, पुत्राने पित्यास, गुरूने शिष्यास, जावयाने सासऱ्यास, एका व्यापाऱ्याने दुसऱ्यास. बापाने सासरच्या मुलीला लिहायचं पत्र कुठेही नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून बघितलं. नव्हतं.

विष्णूला म्हटलं, "हे प्रकरण छापायचं नाही."

"ताई, नाना गेले. त्यांच्या हातचं अक्षर मी बदलणार नाही."

"माझ्या हातचं त्यांनी बदललं, त्याचं काय?"

"तुझं नाव कुठे आहे त्यात? कोणाला कळणार?"

"आज कळलं नाही का?"

तो वही मिटून उठायला लागला. तेव्हा आई आतून आली. तुम्ही असताना ती पुस्तकांच्या बोलण्यात कधी पडली नव्हती. "तो कागद तिचा आहे, विष्णू," ती म्हणाली. "तिला दे, आणि ते प्रकरण काढ. मी वर गेल्यावर ते मला विचारतील तेव्हा मी बघेन काय सांगायचं ते." विष्णूने कागद काढून माझ्या हातात दिला.

प्रकरण निघालं, पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी दौत घेऊन बसले आणि वहीत जे नव्हतं ते लिहिलं. 'सासरी असलेल्या मुलीस पित्याने लिहावयाचे पत्र.'

"चिरंजीव सौभाग्यवती अमुक हीस आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. बाळ गेल्याचं वाचलं. पुढे काय लिहावं ते मला सुचत नाही, म्हणून मीच येतो. उद्या पहिल्या गाडीने निघतो. व्याह्यांना काय सांगायचं ते माझं मी बघेन. तू काही आवरून ठेवू नकोस. तिच्याबद्दल तुला जे बोलायचं असेल ते सगळं बोल. मी ऐकायला येतो आहे."

विष्णूने वाचलं. त्यालाही मुली आहेत. मग म्हणाला, "नानांनी असं कधी लिहिलं नसतं."

"नाही लिहिलं. म्हणूनच ते वहीत नाही," मी म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी कल्याणला निघून आले.

आज सकाळी त्याचा निरोप आला. पुस्तक छापखान्यात गेलं. माझं पत्र त्याने घातलं आहे, पण तुमच्या नावावर. बाईने लिहिलेलं पत्र पुस्तकात आहे असं कळलं तर शाळा ते पुस्तक घेणार नाहीत, असं त्याचं म्हणणं. म्हणजे लोक वाचतील आणि म्हणतील, मास्तरांची मुलीवर काय माया होती. याचाही मला राग येतो, नाना. जे पत्र मला मिळालं नाही, त्याचं श्रेय तुम्हाला मिळणार.

पण मी हरकत घेतली नाही. असली पुस्तकं लोक घरात ठेवतात आणि अडलं की उघडून उतरवून काढतात. तुमच्यासारखाच कुणी बाप असेल, डोळ्याला उपरणं लावून बसलेला, काय लिहावं हे न सुचणारा. मास्तरांच्या नावावर आहे म्हणजे रीतीला धरूनच असेल, असं समजून तो ते अक्षर अन् अक्षर उतरवील. कुठल्या तरी घरात एका मुलीला ते मिळेल. आणि एकदा लिहून गेलं की त्याला निघावंच लागेल.

ते तुम्ही लिहिलं नाही, हे मी बाहेर कुणाला सांगणार नाही, हे वचन देते. गोदूला मात्र सांगेन. येत्या वैशाखात तिचं लग्न आहे, पनवेलला जाईल. निघायच्या आधी तिला जवळ बसवून सगळं सांगेन, तिला एक मोठी बहीण होती इथपासून. आणि तिचं पत्र आलं, कसंही, कुठल्याही मायन्याचं, तर मी त्याच दिवशी निघेन.

तुमची मुलगी,
कृष्णी