काळ्या समुद्रावरचा पहिला कप

माय, डॉक्टरनं तुला जशा समुद्राच्या हवेत न्यायला सांगितलं होतं, तशा हवेत मी पंधरा दिवसांपासून बसून आहे. समुद्र आपला नाही, फार दूरचा; काळा समुद्र म्हणतात, पण पाणी निळंच आहे, मी रोज जाऊन बघतो. तुझी नात या देशात डॉक्टरकी शिकते. तू गेलीस तेव्हा ती पाटीवर अक्षरं गिरवत होती. तिनंच मला इथे आणून ठेवलं. गाव शांत आहे. लोक इथे मजा करायला नाही, छाती सुधारायला येतात. सकाळी सगळे आजारी किनाऱ्यानं सावकाश चालतात, मग व्हरांड्यात ओळीनं खाटांवर पडून नुसते श्वास घेतात. श्वास घ्यायला कुणी एवढ्या लांब येतं, हे ऐकून तू तोंडाला पदर लावून हसली असतीस.

मूल गावच्या बसस्टँडसमोर आपल्या दोन टपऱ्या होत्या, एक तुझी आणि शेजारी मी नवी टाकलेली. तुझ्याकडे गर्दी, माझ्याकडे माशा. एक दिवस तू माझ्या टपरीवर आलीस, एक घोट घेतलास आणि बाकीचा चहा माझ्याच पायाशी ओतलास. "भांड्याकडं डोये लावून काय बसला? चा कानानं होते. दुधाचा आवाज जाड झाला की उतरव." त्या बोलण्यावर माझा सगळा धंदा उभा आहे. आज माझी चहापत्तीची पाकिटं ऊर्जानगरपासून मोहर्लीच्या हॉटेलांपर्यंत जातात, आणि मी अजून नवी पत्ती आली की आधी कानाशी चुरडून बघतो. लोकांना वाटतं नाटक आहे. थोडं आहेही.

मग तुझा खोकला. सिगडीच्या धुराचा आहे, जाईल, असं तू म्हणायचीस. चंद्रपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, धुरापासून लांब, महिना-दोन महिने समुद्राच्या हवेत न्या. मी म्हटलं, धानाचे ट्रक येऊन राहिले, गिऱ्हाईक मावत नाही, एवढा हंगाम जाऊ दे. तू तर माझ्याही पुढे. "मले समुद्रावर नेऊन राह्यला, तिथी माह्या हातचा चा कोण पिईन?" सगळे हसले, मीही हसलो. होळीच्या आधी तू गेलीस. आम्हाला उशिरा कळलं, असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत आलो.

यंदा तुझ्या नातीशी फोनवर बोलत होतो, लोणच्याची बरणी कुणाबरोबर पाठवायची एवढाच विषय, आणि मध्ये मला खोकला आला. लोणचं सोडून ती खोकलाच ऐकू लागली. चहा करायला तिला मीच शिकवलं आहे, तुझ्या पद्धतीनं. म्हणाली, "बाबा, तुमचा खोकला जाड झाला. उद्या छातीचा फोटो काढा." मी म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. "पुढच्या महिन्यात नाई. उद्या." आवाज तुझाच, माय. पत्तीची धूळ वर्षानुवर्षं छातीत बसत गेली होती. वेळेवर आलात, डॉक्टर म्हणाले. आता माझ्या पत्तीच्या कारखान्यात तोंडाला फडकं बांधल्याशिवाय कुणी आत जात नाही, मालकसुद्धा.

आणि गंमत ऐक. इथल्या टेकड्यांवर एके काळी चहाचे मळे होते. हा देश तेव्हा ज्यात होता ते मोठं राज्य मोडलं, माल घेणारं कुणी उरलं नाही, मळे तसेच सुटले. दवाखान्यामागची झुडपं माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत. जन्मभर पत्ती विकली, पण झाडावरचं पान इथे पहिल्यांदा पाहिलं. किती वेळ नुसता हात लावून उभा होतो. आमच्या चादरी बदलणारी एक म्हातारी आहे, तरुणपणी ती याच मळ्यात पानं खुडायची. अजून थोडी पानं खुडून, हातानं चोळून वाळवते. एका सकाळी तिनं मला त्याचा कप आणून दिला, बिनदुधाचा. मी सवयीनं उठलो आणि सगळा पायरीखाली ओतला. दिवसाचा पहिला कप जमिनीला, टपरी उघडताना तू द्यायचीस तसा. म्हातारीचा चेहरा उतरला. तिला वाटलं, चव न बघताच फेकला. मला भेटायला आलेल्या तुझ्या नातीनं तिला तिच्या भाषेत समजावून सांगितलं. मग म्हातारी स्वतःचा कप घेऊन झुडपांपाशी गेली आणि अर्धा मुळाशी ओतला. उरलेला अर्धा तिनं माझ्या हातात दिला. चांगला होता, माय. दूध नसूनही चांगला होता.

परवा पुन्हा फोटो काढला, छाती मोकळी होत आहे. रविवारी निघतो. म्हातारीनं वाळलेल्या पानांची पुरचुंडी दिली आहे, हे पत्रही त्या पुरचुंडीबरोबर पत्तीच्या डब्यात ठेवीन, दुसरीकडे कुठे टाकणार. एवढंच सांगायचं राहिलं. पोळ्याच्या दिवशी, डॉक्टरकडे जायच्या कितीतरी आधी, तू तुझ्या टपरीत खोकलीस, तेव्हाच आवाज जाड झाला होता. मला ऐकू आलं होतं. मी भांडं उतरवलं आणि समोरच्या गिऱ्हाईकाला चहा दिला.