अर्थिंगला पाणी

९ मार्च १९८३. अहमदपूर
नांदेडहून एस.टी.च्या टपावर महानंदाची पेटी आली. तिच्या भावाला दुकान हलवताना माळ्यावर सापडली. पेटी म्हणजे गिटारचा जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर, सोबत धोतरात गुंडाळलेली हवायन गिटार. लग्नानंतर मीच म्हणालो होतो, एकच खोली आहे, नंतर आणू. त्या ‘नंतर’ला अठरा वर्षं झाली. कधी नको म्हणालो नाही, हे खरं. आणली नाही, हेही खरं.
महानंदा म्हणाली, “बोटं भाकरी थापायची झाली आता. कशाला पाठवली दादानं?” आणि पदराने स्पीकरचं कापड पुसलं.
तिला न विचारता ठरवलं, दुरुस्त करायची.

१३ मार्च
उघडली. कंडेन्सर आतून वाळलेले. एका व्हॉल्व्हची काच पांढरी, म्हणजे हवा शिरली. फिजिक्स शिकवायला लागून वीस वर्षं झाली, पण हातात सोल्डरिंगचा कैया धरवत नाही; एक डाग देऊन पाहिला, बिघडला. नांदेडला रेडिओवाल्या सलीमभाईंकडे नेली. “सर, हा डाग तुमी दिला? अन् कॉलेजात पोरान्ला काय शिकवून राहिलेत?” बाकीचे डाग त्यांनी समोर बसवून माझ्याकडूनच देववले. मेलेल्या व्हॉल्व्हच्या जागी नवा ते हैद्राबादहून मागवणार. पार्सल थेट घरी यावं म्हणून पत्ता लिहून दिला.

२ एप्रिल
पार्सल आज आलं, उस्मानाबादला फिरून. चूक माझी. सवयीने ‘जि. उस्मानाबाद’ लिहिलं. गेल्या ऑगस्टपासून आपण लातूर जिल्ह्यात, वर्गात पोरांना मीच टोकतो. पोस्टमन म्हणाला, “सर, तुमी मागंच राहिलात की!”

३ एप्रिल
व्हॉल्व्ह पेटले. तार छेडली तर गल्लीभर आवाज. महानंदा पिठाचे हात तसेच घेऊन दारात उभी राहिली. भाकरी टाकायला लगेच गेली नाही.
मेनच्या तारेवरून पेटीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेला एक कंडेन्सर काढून टाका, असं सलीमभाईंनी बजावलं होतं. ठेवला. तिच्या वेळचं जेवढं राहील तेवढं राहावं म्हणून.

४ एप्रिल
हे लिहायलाच हवं.
सकाळी अंघोळ करून तिने पेटीला विभूती लावली, चपला बाहेर काढल्या, फरशीवर बसून गिटार मांडीवर घेतली. स्टीलची कांडी तारेला टेकली मात्र, ती किंचाळली. कांडी फडताळावर जाऊन आदळली. शॉक. कोपरापर्यंत हात बधिर. “काही न्हाई हो, मुंग्या आल्यात नुसत्या.” पण गिटार परत धोतरात गुंडाळली.
मी सगळ्या चाचण्या रबरी चपला घालून केल्या. वाद्याला कोणी चपला घालून हात लावत नाही, हे मला माहीत नव्हतं का? तिच्या जागी बसून एकदाही पाहिलं नाही.

५ एप्रिल
सांगाड्यात वीज उतरवणारा तो कंडेन्सर कापला. मग टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थिंगमध्ये लावला. दिवा जेमतेम लाल. म्हणजे गळलेली वीज जमिनीत नेणारं घराचं अर्थिंगच मेलेलं. मागच्या भिंतीजवळचा खड्डा पाहिला; माती भाजल्यासारखी, हात जाईल एवढी भेग. अर्थिंगला ओल लागते, आणि टँकर दिवसाआड. घरटी चार घागरी.
मीठ, कोळसा भरला. पाणी कुठलं घालायचं? शेजारी लोक भांडी राखेने घासतात. शेवटी ठरवलं, माझ्या अंघोळीचं. मी ओल्या फडक्याने अंग पुसेन.

७ एप्रिल
“आवो, बादली घेऊन मागं कुठं चाललात?” सांगितलं. संध्याकाळी खड्ड्याजवळ तांबे भरून ठेवलेले: तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं.

१६ एप्रिल
दिवा पूर्ण पेटला. सांगाडा ते अर्थिंग मीटरने मोजलं, तीनदा. गळती नाही. तरी तिला बस म्हणवेना. कोणत्या तोंडाने?
मग पेटी चालू करून स्वतःच बसलो. अनवाणी, फरशी पुसून ओली केलेली. तारांवर हात ठेवून अर्धा तास. काही नाही.

१९ एप्रिल
रोज संध्याकाळी बसतो. तिने पाहावं म्हणून. मला वाजवता येत नाही. कांडी नुसती इकडून तिकडे. आज आतून तिचा आवाज आला, “शेजारचं म्हातारं विचारून राहिलं, सरांकडं बकरी आणली का?” हसली. किती दिवसांनी.

२१ एप्रिल
आज ती येऊन समोर उभी राहिली. “सरका. तारा किती उतरल्यात, ऐकवत न्हाई मला.” बसली. माझा हात स्विचकडे गेला तर म्हणाली, “राहू द्या. बंदच असू द्या.”
पेटी बंद ठेवून तिने एकेक खुंटी पिळली. सहाही तारा लावल्या. आवाज एवढासा, लाकडाचा. मला कान खाली न्यावा लागला. एका तारेवर ती बराच वेळ थांबली, मान हलवली, पुन्हा पिळली.
“लागल्या?” मी विचारलं.
“उद्यापर्यंत उतरतील. नव्या घ्याव्या लागतील.”
उठली, भाकरी टाकायला गेली. गिटार मात्र या वेळी गुंडाळली नाही. तशीच चटईवर आहे. मी तिला हात लावलेला नाही.