बिरोबाचा उजवा खांदा

१० जून १९९६

तीर्थरूप आबांस,
मल्हारचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. या बेटांच्या चिमुकल्या देशाला किनाऱ्याच्या पहाऱ्यासाठी जहाजं घ्यायची आहेत. आपल्या तटरक्षक दलातून उसना आणलेला माणूस म्हणून शेवटचा शब्द माझा धरणार आहेत, आणि माझं तर डोकंच चालेना. एक मोठं जहाज घ्यावं की तेवढ्याच पैशांत चार लहान नावा? मोठं वादळात खोल समुद्रातही टिकतं, पण किनाऱ्याच्या खडकांत शिरत नाही. मागे तिथंच काही कोळी बुडाले. आमचं जुनं जहाज बाहेर उभं राहून बघत होतं, मी त्यावरच होतो. पण बाहेरून परदेशी जहाजं मासे चोरतात, तेही खरं. सकाळी एक पटतं, संध्याकाळी दुसरं.

दिवाळीला येण्याचं नक्की नाही, आईला सांभाळून सांगा. आशीर्वाद पाठीशी असावा.

आपला,
मल्हार

निमगाव केतकी
८ जुलै १९९६

चि. मल्हार यास बिरूचे अ. उ. आ. वि. वि.

पत्र वाचलं, उमगलं काही नाही. म्हणून डाळजला जाऊन उजनीच्या पाण्यातली होडी बघून आलो. लेकाला एका देशासाठी होड्या पाहिजेत म्हटल्यावर तिथला कोळी हसला आणि मी आणखीच गोंधळलो.

शेवटी बिरोबाला कौल लावला. पुजारी गेणबा इंदापूरला गेलेला, म्हणून मीच देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर मोठं जहाज, डावं पडलं तर लहान नावा. उजवं पडलं. परतताना वाटेत तुझी आई म्हणते, तिनंही त्याच फुलांना मनात विचारलं होतं, की लेक दिवाळीला येतो का. उजवं म्हणजे येतो. एका कौलात दोन प्रश्न घातल्यावर देवानं उत्तर द्यावं तरी कुणाला? मी चिडलो, तर म्हणाली, तुमच्या बोटीपरीस माझा प्रश्न मोठा हाय. आतापासूनच चकलीच्या भाजणीचं धान्य निवडायला बसली आहे.

तब्येतीला जप, आठवण धर.

तुझा आबा

५ ऑगस्ट १९९६

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

एक गोष्ट तुम्हाला लिहिली नव्हती. मोठ्या जहाजाबरोबर ते चालवायला शिकवणारी माणसंही येतात, म्हणजे मी मोकळा, दिवाळीला घरी. लहान नावा घेतल्या तर इथल्या पोरांना खडकांतून त्या चालवायला मीच शिकवायचं, आणखी दोन वर्षं. म्हणजे तुमच्या आणि आईच्या प्रश्नाला देवानं एकच उत्तर दिलं होतं.

पण बुडालेल्यांपैकी एकाची आई अजून रोज धक्क्यावर येऊन बसते. मी लहान नावा लिहून दिल्या. कौल मोडला. बरोबर केलं का, अजून कळत नाही. माझ्या नावानं बिरोबाला नारळ फोडा. आईनं रागावू नये, एवढंच मागणं.

आपला,
मल्हार

निमगाव केतकी
२ सप्टेंबर १९९६

चि. मल्हार यास अ. उ. आ. वि. वि.

कौल मोडल्याचं वाचून जीव धास्तावला. नारळ घेऊन गेणबाकडं गेलो. त्यानं विचारलं, उजवं म्हणजे कुणाचं? मी देवासमोर उभा राहून माझ्या उजव्या हाताचं धरलं होतं. कौल देवाच्या अंगानं धरतात. म्हणजे पडलं ते देवाच्या डाव्या खांद्यावरचं. लहान नावाच. तू कौल मोडला नाहीस, पोरा.

आनंदानं घरी येऊन सांगितलं. तुझी आई धान्य निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, मंग माझाबी डावाच की. सूप तसंच ठेवून आत गेली.

थोड्या वेळानं बाहेर आली आणि हे लिहायला सांगितलं, की धक्क्यावरच्या त्या आईकडं अधूनमधून जाऊन बसत जा. आमचा जीव तुझ्याकडंच आहे.

तुझा आबा