नवऱ्याच्या नावाचा पासवर्ड

अक्कल माहेरी देवणीतच विसरून गेलीस का गं? ज्याचं नाव सासरी तोंडानं घ्यायचं न्हाई, त्याचंच नाव पासवर्ड म्हणून ठेवलंस! वर मला हसत सांगत होतीस, अव्वा, हे नाव मी कधी उच्चारतच न्हाई, मग कुणाला कळतंय. त्याला कळलं. वीरेशनं पहिल्या झटक्यात स्वतःचंच नाव टाकून बघितलं असणार. त्या माणसाला स्वतःशिवाय दुसरं काय सुचतंय?

प्रिय सुकन्या,

राग आधी आला, म्हणून तुझं नाव मागं पडलं. लहानपणी तू गोठ्यात जाऊन गायीच्या कानात बोलायचीस. सातवीत गणितात नापास झालीस, ते तुझ्या आईच्या आधी गायीला ठाऊक होतं. मी दाराआडून ऐकायची अन् गप बसायची. ज्याला हा पासवर्ड घातलास, ते एआय मशीनबी तुला तसंच वाटलं. नवऱ्याच्या दुकानाची बिलं करता करता त्याच कम्प्युटरवर त्या मशीनला सगळं सांगत बसलीस. गाय ऐकायची, रवंथ करायची, संपलं. हे मेलं अक्षर न अक्षर जपून ठेवतंय, अन् जो खातं उघडंल त्याच्यापुढं मांडतंय.

गेल्या पंधरवड्यात वीरेशचा फोन आला. तुमच्या नातीचे गुण ऐका, म्हणाला, अन् तुझं एकेक वाक्य वाचून दाखवलं. तो मारतो ते. दागिने कुठं लपवलेस ते. वकील कसा गाठावा ते. यातलं एकबी तू मला सांगितलं नव्हतंस. मशीनला सांगितलंस, अव्वाला न्हाई. लई लागलं. पण ते भांडण नंतर.

त्या दिवसापासून तुझा फोन लागत न्हाई, नुसते मेसेज येतात. 'प्रिय आजी, मी इथे अत्यंत आनंदात आहे, कृपया काळजी करू नये.' अगं, तू मला जन्मात आजी म्हटलं न्हाईस. अन् कृपया? आपल्या घरात जावयालाबी कुणी कृपया म्हणत न्हाई. शेजारच्या मल्लिनाथची सून वर्षाराणी लातूरला कम्प्युटर शिकवती. तिनं वाचून सांगितलं, हे मशीनकडून लिहून घेतलंय. तुझं बोलणं वीरेशनं चोरलं, अन् आता तुझ्या जागी बोलायबी लागलाय. तू जेवतीस का, धड हायेस का, कुणाला विचारू? नांदेडला आले, तर तुझ्या सासूनं उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. झोपली म्हणे. भर दुपारी झोपणारी हायेस का तू?

वर्षाराणीचा निरोप ऐक. त्या खात्यात आता एक शब्द टाकू नको. जुनं पुसायलाबी बसू नको. त्याला दिसलं तर हात उगारंल, अन् पुढं वकिलाला तेच पुरावा म्हणून दाखवायला लागंल. पुढं कधी मशीनला विचारायची येळ आली, तर खातं नवं, फोन आपला. नाव-गाव सांगायचं न्हाई, कुठं निघालीस ते तर मुळीच न्हाई. आपलं दुखणं परक्या बाईचं म्हणून विचारायचं.

आता हा कागद कशाला, ते ऐक. पंचफुला कासारीण तुझ्या सासूची ठरलेली हाय. बांगड्या भरायला बसली की पुरुष माणूस तिथं थांबत न्हाई, म्हणून तिच्याच हाती दिलाय. तू हे वाचशील तवा मी अन् वर्षाराणी गल्लीच्या तोंडाशी गाडीत बसलेलो असू. वाचून झालं की कागद मोरीत भिजवून टाक अन् अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पड. दागिने मरू देत. फोन हाती असला तरी तिथंच ठेव. यायचं नसंल तरी माझ्यासमोर येऊन सांग. पंचफुलानं आणलेला निरोप मी घेणार न्हाई, फोनवर आलेला तर न्हाईच न्हाई. उत्तर तू द्यायचं, तुझ्या तोंडानं.

तुझीच,
शांतम्मा अव्वा