खारटपणाचा आकडा

आबा, दुपारी बारामतीहून एसटीनं कळसला घरी आले. आई जेवून झोपली आहे आणि मी स्वयंपाकघरात बसून तुम्हाला लिहितेय. खूप दमलेय. प्रवासाचा शीण नाही हा. तुम्ही पारावर सांगायचात, "पोरगी समुद्राचं पाणी मोजती." लोक हसायचे, पण काम तेवढंच आहे. आम्ही समुद्रात तरंगती यंत्रं सोडतो. ती आपोआप दोन हजार मीटर खोल जातात, वर येताना पाण्याचं तापमान आणि खारटपणा मोजतात, मग उपग्रहावरून आकडे पाठवतात. एकदा सोडलेलं यंत्र सहसा पुन्हा हाती लागत नाही. त्यानं सांगितलं ते खरं धरायचं.

तुम्ही कालव्यावर पाटकरी होता. मी सातवीत असताना तुम्हाला ताप भरला आणि शेतांकडं पाणी नेणाऱ्या चारीवरच्या मोजपट्टीवर पाणी किती आहे ते बघून वहीत लिहायला मला धाडलंत. ऊन मी म्हणत होतं. मी लिंबाखाली बसले आणि कालचाच आकडा आज लिहून परत आले. संध्याकाळी तुम्ही तापातच उठून चारीवर गेलात. पाणी वीतभर उतरलेलं, शेवटच्या शेतांपर्यंत पोचलंच नव्हतं. अजून दिसतं, परत येऊन तुम्ही दारात उभे आहात, अंगावर घोंगडी, हातात वही.

"पट्टी बघितली न्हाईस, व्हय?"

तुम्ही वही माझ्यासमोर धरलीत.

"चुकलेला आकडा खोडता येतो गं. न बघता लिहिलेल्याचं काय करायचं?"

तो आकडा मलाच खोडायला लावलात. शेजारी 'न पाहता लिहिले' असं लिहून खाली सही मात्र तुमची केलीत. साहेबांची बोलणीही तुम्हीच खाल्लीत.

यंदा आम्ही जहाजावरून बाटल्यांत पाणी भरून आणलं आणि प्रयोगशाळेत तपासलं. जवळच्या यंत्रांचे आकडे त्याच्याशी जुळेनात. यंत्रांचं माप हळूहळू सरकत गेलं होतं, पाणी होतं त्याहून खारट दाखवत होतं. त्याच आकड्यांवर मी तीन वर्षं खपून, तिथला समुद्र खारट होत चाललाय असा शोधनिबंध छापला होता. माझ्या विद्यार्थिनीचा प्रबंधही त्यावरच उभा. सोबतचे म्हणाले, "एवढंसं तर आहे. पुढच्या निबंधात दुरुस्त करू." मी निबंध मागे घेतला. विद्यार्थिनी माझ्यासमोर रडली, म्हणाली, "मॅडम, निदान मला आधी सांगायचं होतं." तिचं खरं होतं. आता दोघी पहिल्या आकड्यापासून पुन्हा तपासतोय. ती कामापुरतंच बोलते. बरोबर वागल्यावर हलकं वाटतं म्हणतात, मला अजून वाटलेलं नाही.

आई मघाशी ताट वाढताना म्हणाली, "तू बोटीवर हुतीस, म्हणून तुला उशिरा कळलं. न्हायतर त्यांचं तोंड तरी बघितलं असतंस." इतकी वर्षं ती हेच म्हणते आणि मी मान हलवते. आबा, तुम्ही गेल्याचा निरोप त्याच सकाळी आला होता. बंदर चार दिवसांवर होतं, पोचले नसतेच. पण कप्तानाला विचारायला हवं होतं. मी निरोपाची चिठ्ठी खिशात घातली आणि संध्याकाळपर्यंत बाटल्या भरत राहिले, कारण कुणाला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं.

हा कागद इथं ठेवता येणार नाही. आईला वाचता येतं.